चीक, वार आणि सातव्या महिन्यातील लस : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गरोदरपणातील लसींवरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून सोलापूरला माहेरी आली आहे, तिला अठ्ठाविसावा आठवडा लागला आहे आणि तिकडच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली डांग्या खोकल्याची लस घ्यावी की नाही, यावर घरात एकमत होत नाही, असे आपण कळवले आहे. गाईचे वासरू नुसत्या चिकावर धडधाकट होते, मग आईचे दूध असताना पोटातल्या जिवावर लसीचा भार कशासाठी, असा आपला मुख्य आक्षेप आहे. बाळ दीड महिन्याचे झाले की त्याला लस मिळणारच आहे, हा दुसरा. सरकारी दवाखान्यातील मोफत इंजेक्शनाबद्दल मी चुकीचे लिहिले, हा तिसरा. या तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तेथे आपले म्हणणे बरोबर आहे.

गरोदर मातेला मिळणाऱ्या धनुर्वाताच्या लसीमुळे बाळ डांग्या खोकल्यापासूनही वाचते, असा अर्थ माझ्या एका वाक्यातून निघत होता. तसे नाही. आरोग्य केंद्रात पूर्वी टीटी, म्हणजे नुसत्या धनुर्वाताची लस, देत असत. तिची जागा आता टीडीने घेतली आहे आणि टीडीमध्ये धनुर्वात व घटसर्प या दोनच रोगांविरुद्धचे घटक असतात. डांग्या खोकल्याचा घटक असलेली लस वेगळी आहे, तिला टीडॅप म्हणतात. ती राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गरोदर स्त्रियांसाठी नाही, त्यामुळे खासगी दवाखान्यात पैसे मोजून घ्यावी लागते. स्त्रीरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना फॉग्सी ती सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यादरम्यान घेण्याची शिफारस करते. लेखातील वाक्य मी दुरुस्त केले आहे. विडी वळून घर चालवणाऱ्या बाईला हा फरक कळणे फार आवश्यक आहे आणि तो माझ्या लेखातून कळत नव्हता, याचे मला वाईट वाटते.

आता वासराविषयी. आपण शेतकरी आहात आणि आपले निरीक्षण अचूक आहे. फक्त ते माणसाला लागू पडत नाही. गाईच्या वारेची, म्हणजे गर्भाला आईशी जोडणाऱ्या अवयवाची, रचना अशी असते की तिच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना ओळखून निकामी करणारी प्रथिने, गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू त्यांच्यावाचूनच जन्माला येते आणि पहिल्या दिवसभरात चिकातील प्रतिपिंडे त्याच्या आतड्यातून थेट रक्तात शोषली जातात. वासरू उभे राहताच त्याला आचळाला लावण्याची घाई आपण करता ती यासाठीच. गाईला कोणी सुई टोचत नाही, असेही आपण म्हणता, पण तेही सर्वत्र खरे नाही. वासरांना हगवण लागू नये म्हणून अनेक देशांत गाभण गाईंना विण्यापूर्वी लस देतात, म्हणजे आपण ज्या उदाहरणाने लसीला विरोध केलात तेथेही मार्ग आईच्या लसीचाच आहे.

माणसात व्यवस्था निराळी आहे. आईच्या रक्तातील आयजीजी जातीची प्रतिपिंडे वार निवडून उचलते आणि बाळाच्या रक्तात सोडते. हे काम चौथ्या महिन्याच्या सुमारास हळूहळू सुरू होते, पण त्याचा मोठा भाग शेवटच्या तीन महिन्यांत पार पडतो, इतका की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ही प्रतिपिंडे आईइतकी किंवा तिच्याहून अधिक आढळतात. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ती कमी मिळतात. लस घेतल्यावर आईच्या शरीरात प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, हे ध्यानात घेतले की डॉक्टरांनी नेमका हाच काळ का सांगितला, ते स्पष्ट होते. दूधही प्रतिपिंडे देते, पण ती मुख्यतः आयजीए या दुसऱ्या जातीची असतात. ती बाळाच्या तोंडाला, घशाला, आतड्याला आतून लेपासारखी राहतात आणि जंतूंना चिकटू देत नाहीत. माणसाच्या बाळात ती रक्तात मात्र फारशी जात नाहीत. म्हणून वारेतून मिळते ते दूध भरून काढू शकत नाही आणि दुधातून मिळते ते वारेतून मिळत नाही.

मी १९८४ साली अक्कलकोट तालुक्यातील एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून रुजू झाले. त्या पहिल्याच वर्षी एका वस्तीवर मला बोलावणे आले. मूल सहा दिवसांचे होते. चार दिवस ते व्यवस्थित दूध प्यायले होते, पाचव्या दिवशी त्याने ओढणे सोडले, आणि मी पोहोचले तेव्हा त्याचा जबडा घट्ट मिटलेला होता. दाराशी कोणी मोठ्याने बोलले तरी अंग धनुष्यासारखे ताठत होते. नाळ विळ्याने कापली होती आणि तिच्यावर गोवरीची राख लावली होती. आईच्या स्तनात दूध दाटले होते, चीकही तिने टाकून न देता पाजला होता. धनुर्वाताचे विष मज्जातंतूंवर काम करते, त्याला अडवायला बाळाच्या रक्तातच प्रतिपिंडे असावी लागतात आणि त्या आईने एकही इंजेक्शन घेतलेले नव्हते. आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवाई पुजतात. हेच दिवस या रोगाने मुले नेण्याचे होते, हा विचार त्यानंतर प्रत्येक पाचवीला माझ्या मनात येतो.

आपल्या आईने सात मुले इंजेक्शनाशिवाय वाढवली, हे आपण लिहिले आहे आणि मी ते आदराने वाचले. पण त्याच काळात ज्या मातांची मुले आठवडाभरात गेली, त्यांच्या वतीने प्रतिक्रिया लिहायला आज कोणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ या एका वर्षात जगभरात ७ लाख ८७ हजार नवजात बाळे धनुर्वाताने दगावली. भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली प्रमाणित करण्यात आले. स्वच्छ बाळंतपण आणि मातेचे लसीकरण या दोन्हींचे ते फळ आहे. धनुर्वाताचे जंतू मात्र मातीत आजही आहेत, म्हणून उच्चाटन टिकवण्यासाठी ते इंजेक्शन चालू ठेवावेच लागते.

बाळाला दीड महिन्यानंतर लस मिळणारच आहे, या आपल्या मुद्द्यात खरी अडचण त्या दीड महिन्याचीच आहे. डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात आणि पहिल्या डोसाने पुरते संरक्षण मिळत नाही. डांग्या खोकल्याने मृत्यू होतात ते प्रामुख्याने तीन महिन्यांखालील बाळांचे. इतक्या लहान बाळाला कित्येकदा खोकल्याची ती ओळखीची ढास लागतच नाही. ते श्वास घ्यायचे थांबते आणि निळे पडते. इंग्लंडमध्ये २०१२ साली या रोगाची मोठी साथ आली आणि १४ तान्ही बाळे गेली, तेव्हा ऑक्टोबरपासून तेथे गरोदर स्त्रियांना लस देणे सुरू झाले. पुढे झालेल्या पाहणीत तीन महिन्यांखालील बाळांमध्ये ती सुमारे ९० टक्के परिणामकारक आढळली. फ्लूची लस तर सहा महिन्यांच्या आतील बाळाला देताच येत नाही. ढाक्यात ३४० मातांचा अभ्यास झाला होता. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, गरोदरपणी फ्लूची लस घेतलेल्या मातांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी झाला.

आईच्या प्रतिपिंडांमुळे बाळाच्या स्वतःच्या लसीचा परिणाम मंदावतो, असे आपण कोठेतरी वाचले आहे. ते निराधार नाही. गोवराची लस आपण नवव्या महिन्यापर्यंत थांबवतो, त्याचे एक कारण हेच आहे. टीडॅप घेतलेल्या मातांच्या बाळांमध्येही सुरुवातीच्या डोसांनंतर प्रतिपिंडांचे प्रमाण काहीसे कमी आढळते. तरीही माझे मत स्पष्ट आहे : पुढच्या डोसांनी भरून काढता येणाऱ्या घटीसाठी, जीव जाण्याचा धोका सर्वाधिक असलेले आठवडे उघडे टाकू नयेत.

पोटातल्या बाळावर भार पडेल, ही भीती मी समजू शकते. टीडी, टीडॅप आणि फ्लूचे इंजेक्शन यांत जिवंत जंतू नसतात, त्यामुळे त्यांपासून तो रोग होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. गोवर-रुबेलासारख्या जिवंत जंतूंच्या लसी गरोदरपणात देत नाहीत. त्या बाळंतपणानंतर घेता येतात आणि त्यासाठी अंगावर पाजणे थांबवावे लागत नाही. स्तनपान करणाऱ्या मातेने जपून घ्यावी अशी लस पीतज्वराची, आणि ती आपल्याकडे परदेशी प्रवासापुरतीच लागते. कुत्रे चावले असता मात्र गरोदर असो वा अंगावर पाजणारी, रेबीजची लस क्षणभरही टाळू नये. पोटुशी आहे म्हणून घरच्यांनी ती टाळू पाहिल्याचे मी सोलापुरात एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

दुधाविषयीचा आपला आग्रह तसाच राहू द्या. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, चीक पाजावा आणि सहा महिने दुधाखेरीज मध, गूळपाणी, घुटी काही देऊ नये, हे नातेवाइकांना ठामपणे सांगायला घरात आपल्यासारखे वडीलधारे माणूसच लागते. या आठवड्यात मुलीला तिचे माता व बाल संरक्षण कार्ड घेऊन दवाखान्यात न्या, टीडीचे डोस कधी झाले ते डॉक्टरांना दाखवा, म्हणजे टीडॅप केव्हा द्यायची ते त्यांना ठरवता येईल.

आणि एक. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेपासून आपल्याला लागलेला खोकला अजून गेला नाही, असा उल्लेख आपण जाता जाता केला आहे. मोठ्या माणसांत डांग्या खोकला पुष्कळदा असाच, आठवडेच्या आठवडे रेंगाळणाऱ्या साध्या खोकल्यासारखा असतो आणि तान्ह्या बाळाला तो बहुधा घरातल्याच कोणाकडून लागतो. मुलीबरोबर आपणही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून घ्यावे, ही माझी विनंती आहे.