सात दिवसांचं मलम आणि बदनाम गोळी

"मुरुमांच्या गाठी म्हणजे रक्तातली घाण. डॉक्टरांच्या गोळीने लिव्हर जातं, पुढे मूल होत नाही. त्यापेक्षा लिंबू-सोडा चोळा, रात्री मेडिकलमधलं गोरेपणाचं मलम लावा. शंभर रुपयांत, सात दिवसांत चेहरा साफ!" फॅमिली ग्रुपांवर फिरणाऱ्या या मजकुराचे शब्द बदलतात, आशय तोच राहतो. एकेक मुद्दा घेऊ.

रक्तातली घाण. मुरुम रक्तात नाही, केसाच्या मुळाशी तयार होतो. वयात येताना संप्रेरकांमुळे तेल जास्त सुटतं, मेलेल्या पेशींचं बूच छिद्रात बसतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. सूज खोल गेली की दुखरी गाठ होते आणि ती बरी होताना खड्डा पडू शकतो. काढा पिऊन ते बूच निघत नाही.

लिंबू-सोडा. एक आम्ल, दुसरा अल्कली. सुजलेल्या त्वचेला दोन्ही झोंबतात. लिंबू लावून उन्हात गेलात तर काळे चट्टे वेगळेच.

सात दिवसांत साफ. हे मात्र पुष्कळदा खरं ठरतं, आणि घात तिथेच होतो. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. ही स्टेरॉइडं. ती सूज दाबतात, बूच तसंच राहतं. काही आठवडे-महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आग होते, लव वाढते आणि एकाच मापाच्या बारीक पुटकुळ्या उगवतात. मलम थांबवलं की सगळं उसळतं, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. 2018 साली अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली; काउंटरवर मागितली तर अजूनही मिळतात. महिनोन्‌महिने लावत असाल तर ती कशी बंद करायची हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

लिव्हर जातं, मूल होत नाही. ही गोळी म्हणजे आयसोट्रेटिनॉइन. अमेरिकेत तिला 1982 मध्ये मान्यता मिळाली. गाठी आणि खड्डे पाडणाऱ्या मुरुमांवर तिच्याइतकं प्रभावी औषध आजही दुसरं नाही. नेहमीचा हिशोब असा: पूर्ण कोर्समध्ये वजनाच्या दर किलोमागे साधारण 120 ते 150 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला किमान 7200 मिलिग्रॅम, म्हणजे रोज 30 घेतल्यास 240 दिवस. गोळी जेवणासोबत घ्यावी, ताटात तूप-तेल असावं. उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. ओठ जवळजवळ सगळ्यांचे फाटतात, सुरुवातीला मुरुम वाढूही शकतात. लिव्हर आणि चरबीची रक्ततपासणी आधी आणि मग एक-दोन महिन्यांनी करतात. आकडे वाढलेच तर बहुधा थोडे वाढतात आणि डोस कमी केला की उतरतात. मन फार उदास राहू लागलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. मुरुमांवरच देतात ते डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक तिच्यासोबत नको. दोन्ही एकत्र घेतल्यास कवटीतला दाब वाढून डोकं दुखू शकतं, नजर धूसर होऊ शकते.

मुलाबाबत मजकुराने दोन गोष्टींची खिचडी केली आहे. गोळी चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून बायकांना आधी गर्भचाचणी, आणि एक महिना आधीपासून संपल्यावर एक महिन्यापर्यंत खात्रीचं गर्भनिरोधन लागतं. गोळी चालू असताना आणि संपल्यावर एक महिना रक्तदानही बंद, पुरुषांनाही. त्यानंतर मूल होण्यात या गोळीची आडकाठी नाही.

शंभर रुपयांत. खर्चाची भीती खोटी नाही, पण खरा खर्च पुढे खड्ड्यांवरच्या लेझरचा असतो. गाठी नसतील तर सुरुवात दोन ट्यूबांनी होते: सकाळी 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, रात्री 0.1 टक्का अ‍ॅडापालीन. धुऊन कोरड्या केलेल्या चेहऱ्यावर मटाराएवढं जेल सगळीकडे पसरा, नुसत्या फोडांवर टिपके नकोत. पहिले दोन आठवडे एकाआड एक रात्र, नाहीतर साल निघून आग होते. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे. गरोदरपणात अ‍ॅडापालीन नको. बेन्झॉइल पेरॉक्साइडने अभ्रे-टॉवेल पांढरे पडतात, जुने वापरा.

गाठी असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञ. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा रुग्णालयांत ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि तपासण्यांना पैसे पडत नाहीत. जाताना आजवर लावलेल्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत टाकून न्या. आत स्टेरॉइड होतं का, हे डॉक्टरांना लगेच कळेल.