लाच घेतली त्याने, लिहिली तुमच्या नावावर!

अहो, ‘द क्लार्क ब्राइब्ड मी’ असं लिहून नेमकी कुणाची तक्रार करताय? याचा अर्थ कारकुनाने तुम्हालाच लाच चारली! म्हणजे फेरफारासाठी दोन हजार मोजले तुम्ही आणि कागदावर लाचखोरही तुम्हीच. वा!

मराठीत ‘लाच’ एकच, पुढे देणं-घेणं हवं ते लावा. इंग्रजीतलं ‘ब्राइब’ हे क्रियापद फक्त देण्याचं. घेणाऱ्यासाठी ‘टुक अ ब्राइब’, नुसती मागितली तर ‘डिमांडेड अ ब्राइब’. इतकं अवघड आहे का हो? ‘ही वॉज ब्राइब्ड’ म्हणजे त्याला दिली. मधलं ‘वॉज’ गाळलंत की देणारा तोच. एका शब्दाने चोर बदलतो!

बरं, ‘ब्राइब्ड टू द ऑफिसर’मधला ‘टू’ कुठून टपकला? ‘अधिकाऱ्याला’मधला ‘ला’ उचलून चिकटवला, दुसरं काय! ‘डिड नॉट ब्राइब्ड’ तर भातातल्या खड्यासारखं रोज दाताखाली येतं. ‘डिड’ आला की शेवटचा ‘डी’ जायलाच हवा. स्पेलिंगचं विचारूच नका. मूळ शब्दात ‘ई’ आहेच, नुसता ‘डी’ जोडायचा, तरी दोन-दोन ‘ई’ कशाला? आणि दुसऱ्या ‘बी’च्या जागी ‘डी’ पडला की लाचेची थेट नवरी होते.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचं, तरच सुटका. आणि काही महाशय तक्रारीच्या अर्जाची पहिलीच ओळ ठोकतात, ‘आय ब्राइब्ड’!