खुलासा : शांतिसेनेच्या खर्चाचा तो मेसेज चुकीचा आहे

राजेहो, परवा जिनिंगवर कापसाची गाडी लायनीत लावून बसलो होतो. बसल्याबसल्या एक मेसेज चार ग्रुपवर ढकलला : 'काँगो, लेबनॉनच्या भांडणात आपले जवान अन् सगळा खर्च आपल्या करातून, इकडे कापसाला भाव नाही.' गावातल्या एका निवृत्त फौजीदादांनी टोकलं, मग संयुक्त राष्ट्रांची माहिती काढून वाचली. चूक माझी.

काँगो, लेबनॉनमधली निळ्या हेल्मेटवाली शांतिसेना संयुक्त राष्ट्रांची, आपले जवान त्यात जातात. जवानाचा पगार आपलं सरकार देतं, पण दर जवानामागे दरमहा ठरलेली भरपाई सरकारला परत मिळते. २०१८ मध्ये ती १,४२८ डॉलर ठरली होती. हा पैसा सगळ्या सदस्य देशांच्या वर्गणीतून येतो. २०२२ ते २०२४ मध्ये त्यात अमेरिकेचा वाटा चौथ्या हिश्श्याहून जास्त, अन् आपला शंभर रुपयांत जेमतेम एकवीस पैसे. भरपाई कित्येकदा उशिरा येते, तेवढं खरं.

श्रीलंकेत १९८७ ते १९९० मध्ये आपण पाठवलेल्या शांतिसेनेची गोष्ट निराळी. ती फौज आपली, खर्चही आपला, अन् हजारावर जवान शहीद झाले. मेसेजात तिथला हिशेब काँगो, लेबनॉनलाही लावलाय.

दुसऱ्याच्या भांडणात आपण पैसा घालावा का, यावर पारावर खुशाल वाद घालू. मला विचाराल तर संसदेत हिशेब मांडूनच घालावा. कापसाच्या भावाचा रागही खराच आहे, पण तो हिशेब वेगळा.

मी मेसेज डिलीट केलाय. तुमच्याकडून पुढे गेला असेल तर थांबवा, अन् त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.