कार्ब्युरेटरला कशाला छळता?

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी द्वारका चौकात आचके देऊन बंद पडली, की नाशिकमधला जो तो मेकॅनिक आधी कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलतो, त्यातले जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रे, फुंकून साफ करतो आणि पैसे घेऊन मोकळा होतो. मात्र टाकीच्या तळाशी साचलेला गंज, तिथून थेट कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठण्याच्या कप्प्यात) उतरणारी तांबूस भुकटी आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा कडक झालेला डायफ्रॅम (लवचिक पडदा) तपासण्याची तसदी कोणीही घेत नाही. त्यात आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे, जे हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांची वाट लावते. फ्लोट चेंबरमध्ये येणारे पेट्रोल रोखणाऱ्या नीडल व्हॉल्व्हमध्ये कण अडकून पेट्रोल ओसंडत असताना आयडलिंगचा (गाडी उभी असताना इंजिनाचा वेग ठरवणारा) स्क्रू पिळण्यात कसले आले आहे कौशल्य? वर सल्ला तयारच असतो, ‘साहेब, विकून टाका.’ अहो, आधी टाकी तर उतरवा!