मला पाहुणा करू नका

आपण कधीकाळी राहिलेल्या शहरात वीकेंडला मित्रांना भेटायला जायचं ठरलं की घोळ सुरू होतो तो ग्रुपवर. "येतोय" एवढं टाकायचा अवकाश, कोणीतरी उत्साहमूर्ती "शनिवारी संध्याकाळी सगळे!" असं जाहीर करून टाकते. दुसरा जागा सुचवतो, तिसऱ्याला ती लांब पडते, चौघं नुसते अंगठे टाकतात, एकजण शुक्रवारी रात्री विचारतो, "कोण येतंय?" नुकताच असा एक वीकेंड करून आलो. त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय, ते मांडतो. पटलं नाही तर खुशाल भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

मत असं, की जुन्या शहरातल्या वीकेंडची वाट लावायची असेल तर सगळ्यांना एकाच वेळी, एकाच टेबलाभोवती भेटावं.

मी माणूसघाणा नाही. शनिवारी त्या दारातून आत शिरलो तेव्हा मलाही भरून आलं होतं. पहिली दहा मिनिटं मिठ्या, आरडाओरडा, "काय रे, केस कुठे गेले?", "तू मात्र तशीच आहेस हं" यात झकास गेली. मग सगळे बसले आणि "मग, बाकी काय?" सुरू झालं. या प्रश्नाला आजवर कोणीही खरं उत्तर दिलेलं नाही. नोकरी बदलली, मुलगा कॉलेजला गेला, गुडघा दुखतो, अशी प्रत्येकाने आपापली बातमीपत्रं वाचून दाखवली. पलीकडच्या टोकाला मोठा हशा पिकला की आमच्या टोकाचेही हसायचे, कशाला ते न कळताच. ज्याच्यासाठी मी एवढा प्रवास करून गेलो होतो, तो सहा खुर्च्या सोडून तिरक्या कोपऱ्यात बसला होता. आमचं बोलणं सगळं भुवयांनी चाललं होतं.

बातम्या संपल्या की किस्से. तेही तेच, ठरलेले. किल्ली हरवली म्हणून आमच्यातला एकजण पाइपवरून चढून घरात शिरला होता, हा किस्सा दर भेटीत निघतो. घडला तेव्हा घर पहिल्या मजल्यावर होतं, यंदा ते तिसऱ्यावर गेलंय. पुढच्या भेटीला हेलिकॉप्टर लागेल. हसलो सगळे, मीही हसलो, पण त्यात नवीन काही कळत नाही कोणाचं. शिवाय सोबत आलेल्या नवऱ्यांचा आणि बायकांचा विचार कोणी करतं का? त्या किस्स्यात त्या बिचाऱ्या मंडळींना एक वाक्य नाही. चेहऱ्यावर हसू चिकटवून ते दोन-तीन तास बसतात, आणि परतताना गाडीत त्यांना जे ऐकवायचं असतं ते ऐकवतातच.

यात दोष कोणाचाच नाही. रॉबिन डनबार या ब्रिटिश संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर १९९५ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं होतं. माणसं आपसूक गप्पा मारत असतात तेव्हा एका गप्पेत किती जण टिकतात, हे त्यांनी पाहिलं. गाडी साधारण ४ वर अडते. त्यापुढे माणसं वाढली की गप्पा फुटतात आणि वेगवेगळे घोळके होतात. म्हणजे दहा-बारा जणांचं टेबल मांडलं की तिथे एक भेट होतच नाही, तीन अर्धवट भेटी होतात. आणि कोणाच्या वाट्याला कोण येणार, ते कोणाला पार्किंग आधी मिळालं यावर ठरतं.

आता आपली मैत्री मुळात जुळली कशी ते आठवून बघा. आपण मारे म्हणतो, मनं जुळली, विचार जुळले. बहुतेक वेळा आधी दारं जुळलेली असतात. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक या तिघांनी अमेरिकेत एमआयटीच्या वेस्टगेट वसाहतीत राहणाऱ्या विवाहित विद्यार्थ्यांच्या मैत्र्या तपासल्या होत्या. १९५० साली त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. लागून असलेल्या दारांमधल्या शेजाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांमध्ये घसट निघाली, त्याच मजल्यावर दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये १० टक्के. मजला तोच, जिना तोच, चार पावलांचा काय तो फरक. आमच्या त्या शहरातल्या टोळीचंही असंच. समोरच्या खोलीत दुसरा कोणी राहायला आला असता, तर आज मी त्याच्या नावाने गळा काढत असतो.

दार जवळ असलं की पुढचं काम तास करतात. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास मला या बाबतीत फार आवडतो, कारण त्यांनी नुकतंच ठिकाण बदललेल्या, म्हणजे नव्या जागी मित्र शोधणाऱ्या माणसांना गाठलं. ओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास लागतात, खऱ्या अर्थाने मित्र व्हायला ९० च्या आसपास, आणि जवळचा व्हायला २०० च्या वर. त्यातही एकत्र काम केलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. नुसतं एकमेकांच्या आसपास रेंगाळण्यातले तास कामी येतात.

आमचे ते दोनशे तास कशात गेले? एकाने इस्त्री करायची आणि दुसऱ्याने दाराला टेकून बडबडायचं. रांगेत उभं राहायचं. लाइट गेले म्हणून जिन्यात बसायचं. कोणीतरी आजारी पडला की त्याच्या उशाशी बसून मोबाइल बघत राहायचं. यातलं काहीही फोटोत नाही. फोटोत आहेत त्या सहली आणि वाढदिवस. म्हणून भेटायचं ठरलं की आपण सहल किंवा वाढदिवसच पुन्हा मांडायला जातो.

रविवारी सकाळी मात्र मजा आली, आणि ती कोणी ठरवलेली नव्हती. मी ज्याच्याकडे उतरलो होतो, त्या मित्राच्या मुलीचा पोहण्याचा क्लास होता. तो म्हणाला, "तू लोळ जरा, मी हिला सोडून येतो." म्हटलं, मीही येतो. "अरे, तिथे काय करणारेस? क्लास सुटेपर्यंत गाडीतच बसून राहावं लागतं." बसू की.

गाडीत बसलो. समोर भिंत, भिंतीवर "येथे वाहने लावू नयेत" आणि तिच्यासमोर ओळीने लावलेली वाहनं, त्यात आमचंही एक. काचा खाली केलेल्या. आतून शिट्टीचा आणि पोरांच्या किंचाळण्याचा आवाज येत होता. स्टिअरिंगचं कव्हर एका बाजूने उसवलं होतं, ते तो अंगठ्याने आत खुपसत होता. ते परत बाहेर यायचं, हा परत खुपसायचा. तसं करता करताच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा आता कधीकधी मला ओळखत नाहीत."

आदल्या रात्री टेबलावर कोणीतरी विचारलं होतं, "बाबा कसे आहेत रे?" तेव्हा याने "मजेत" असं उत्तर दिलं होतं.

मी विचारलं, "मग हाक काय म्हणून मारतात?"

"धाकट्याच्या नावाने. मी ओ देतो."

मग पुढे डॉक्टर, रात्रीची जागरणं, भावाशी झालेली कुरबुर, बायकोने किती सांभाळून घेतलं, असं बरंच निघालं. मी सल्ला वगैरे काही दिला नाही, माझ्याकडे नव्हताच. मुलगी ओले केस झटकत आली, मला बघून म्हणाली, "काका, तुम्ही पण इथेच बसला होतात? बोअर नाही झालं?" आम्ही दोघंही एकदम "नाही" म्हणालो.

समोरासमोर बसून "बोल, कसा आहेस?" असं विचारलं की माणूस सावरून बसतो. शेजारी शेजारी बसून दोघांनी भिंतीकडे बघितलं की बोलतो. निदान आम्ही पुरुष तरी. याच डनबार यांनी सॅम रॉबर्ट्स यांच्यासोबत २०१५ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. शाळा संपवून विद्यापीठात गेलेल्या मुलामुलींच्या मैत्रीकडे त्यांनी १८ महिने लक्ष ठेवलं. मुलींच्या मैत्र्या बोलण्याने टिकल्या. मुलांच्या नुसत्या बोलण्याने टिकल्या नाहीत, काहीतरी एकत्र करण्याने टिकल्या. माझी एक मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "यासाठी अभ्यास कशाला हवा होता? तुमचे फोन कॉल किती सेकंदांचे असतात ते बघितलं असतं तरी चाललं असतं." तिचं खरं आहे. पण एक सांगू का, पार्किंगमधल्या तासाची गरज तिलाही आहे. शनिवारी ती माझ्यापासून चारच खुर्च्यांवर होती, आणि तिची नोकरी गेल्याचं मला घरी परतल्यावर दुसऱ्याकडून कळलं.

शहराबद्दल थोडंच लिहितो. शहर बघायला वेगळं जाऊ नये. कामाला निघालेल्या मित्राच्या मागे मागे हिंडावं, ते आपोआप दिसतं. क्लासवरून परतताना एका वळणावर सिग्नल लागला आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "इथे आपण भांडलो होतो." कशावरून ते याला आठवलं, मला नाही. गेल्या कित्येक वर्षांत फोनवर, फोटो बघताना, किस्से सांगताना हे भांडण एकदाही वर आलं नव्हतं. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली या दोघांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही काठावर पाठ करायला दिले होते. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. आमचं भांडण त्या वळणावर पाठ केलेलं होतं, त्यामुळे ते टेबलावर कसं आठवणार?

आणि कृपा करून "आता हे शहर पूर्वीसारखं राहिलं नाही" असं तिथे राहणाऱ्यांना ऐकवू नका. हे मला मनापासून खटकतं. आपण निघून गेलो. खणलेले रस्ते, पडलेल्या इमारती, वाढलेली गर्दी त्यांनी रोज सोसली. आपण दोन दिवसांसाठी उगवायचं, सुस्कारा टाकायचा आणि परतीची गाडी पकडायची. आमच्या जुन्या घराची बाल्कनी आता बंद करून आत घेतलीय. ज्यांची आहे त्यांना जागा कमी पडत असेल. माझ्या आठवणींसाठी त्यांनी ती उघडी ठेवायची का?

उरला प्रश्न यजमानाचा, आणि खरं तर ही पोस्ट लिहायचं मुख्य कारण तेच. टोळीतले बहुतेकजण शहर सोडून गेले, एक-दोघंच तिथे उरले. जाणारा प्रत्येकजण म्हणतो, मी कधीतरीच येतो. पण उरलेल्याकडे वर्षभर कोणी ना कोणी येतच असतं. दर वेळी त्याने गाद्या काढायच्या, ग्रुप जमवायचा, टेबल बुक करायचं, स्टेशनवर यायचं, आणि पाहुणा जाईपर्यंत स्वतःचं आयुष्य गुंडाळून ठेवायचं. आणि त्याला कोणी बोलावतं का? सोडून गेलेल्यांना वाटतं, भेट म्हणजे त्या शहरातच व्हायला हवी. मित्राच्या बायकोने हे हसत हसत ऐकवलं, "आमच्याकडे सगळे येतात, आम्ही कोणाकडेच जात नाही." हसली, तरी वर्मी लागलं.

त्यामुळे निघतानाच मी सांगून टाकलं. पुढच्या वेळी ग्रुपवर काही टाकायचं नाही. कोणाला भेटायचं असेल तर एकेकट्याला, त्याच्या कामाच्या ओघात. दवाखान्यात जायचंय, मी येतो. मुलाचा प्रोजेक्ट राहिलाय, मी पुठ्ठे कापतो. बाबांजवळ दुपारी बसायचंय, मी बसतो, तुम्ही दोघं बाहेर जाऊन या. आणि एक अख्खा वीकेंड तुम्ही सगळे आमच्याकडे यायचं, तेव्हा मीही तुम्हाला कुठे फिरवणार नाही, माझ्या बँकेत आणि भाजीला घेऊन जाईन.

मित्राला वाटलं मी बोलण्यापुरतं बोलतोय. परवा मात्र त्याने यादीच पाठवली: माळा आवरणे, बाबांच्या खोलीतला दिवा बदलणे, जुना सोफा तीन मजले खाली नेणे. पहिल्या दोन कामांना हो म्हटलंय. सोफ्यासाठी पाइपवरून चढलेल्या त्या वीराला बोलवा म्हणालो, त्याला मजल्यांचा अनुभव आहे.