कोणाचा निषेध?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी मेसेज पडला आहे : 'बागेत काळे कापड बांधून कोणी काही करताना आढळल्यास वॉचमनला त्वरित कळवावे.' त्यातले 'कोणी' म्हणजे मी. आणि 'काही' म्हणजे जास्वंदीचा फोटो.

काळ्या पार्श्वभूमीवर फूल टिपायला फार विद्या लागत नाही. फुलावर ऊन हवं, मागे सावली हवी आणि कापड फुलापासून दोनतीन फूट लांब हवं. कापड मखमलीचंच घ्यायचं, कारण सुती काळं उन्हात राखाडी दिसतं आणि सॅटिन चमकतं. कॅमेऱ्याला मात्र काळं बघवत नाही. समोर अंधार दिसला की तो आपल्या अकलेने उजेड वाढवतो, मखमल करडी करतो आणि पाकळ्यांवरच्या सगळ्या शिरा पुसून जास्वंदीचा नुसता लाल डाग करून ठेवतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एकदीड स्टॉप (पायरी) खाली ओढायचं. झालं शास्त्र.

अडचण वेळेची. जास्वंद एका दिवसाची पाहुणी. सकाळी उमलते, संध्याकाळी मिटते. त्यात श्रावणातलं ऊन. दोन विंगांच्या फटीतून ते बागेत शिरतं आणि ढग आला की गेलं. मी झोपाळ्याच्या खांबापासून आवळ्यापर्यंत दोरी बांधली, मखमल टाकली, गुडघे चिखलात टेकले, आणि मागून आवाज आला.

"कोणाचा निषेध?"

बी विंगमधले काका. पांढरे बूट, हाफ पँट, कानटोपी.

"निषेध नाही काका, फोटो काढतोय."

"कापडाचा?"

"फुलाचा."

"मग कापड कशाला?"

"मागचं दिसू नये म्हणून."

"मागे काय आहे?"

"काही नाही. पार्किंग."

काका गंभीर झाले. वाकून, एक डोळा मिटून त्यांनी माझ्या कॅमेऱ्याच्या रेषेत बघितलं.

"पार्किंगमध्ये माझी गाडी आहे."

"हो ना."

"मग ती दिसली तर काय बिघडलं?"

"गाडी छानच आहे काका, पण फुलामागे…"

"दर रविवारी धुतो मी ती."

"दिसतंच ते."

"दिसतं कुठे? तुम्ही कापड लावलंत ना!"

फुलावर ऊन आलं होतं आणि मी एका चंदेरी गाडीची तारीफ करत होतो. रंग टिकलाय, चरा नाही, ॲव्हरेज काय देते. ऊन गेलं.

"आणि काळंच हवं असेल," काका म्हणाले, "तर रात्री काढा की. थांबा, दाखवतो." त्यांनी मोबाइल काढला. त्यांच्या गॅलरीतल्या ब्रह्मकमळाचे फोटो. कळीचे, अर्ध्या कळीचे, रात्री दहाचे, बाराचे. मग फुलासोबत काकू, हातात निरांजन. फुलाला हळदकुंकू. झोपेतून उठवून आणलेली शेजारची पोरं. त्यांतली एक तर चक्क रडते आहे. आणि या सगळ्या मिरवणुकीच्या मागे काळाकुट्ट, खोल, एक सुरकुती नसलेला अंधार. रविवार पेठेतून मीटरवर आणलेल्या माझ्या मखमलीला सात जन्मांत जमला नसता असा.

"दिवा घालवला आणि फ्लॅश मारला. बस."

कारण सरळ आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. हाताशी असलेलं फूल फ्लॅशमध्ये उजळतं आणि लांबच्या इमारतींपर्यंत काही पोचत नाही. काकांना यातलं काही ठाऊक नाही. ठाऊक असायची गरजही पडली नाही, हे मला जास्त लागलं. म्हणून मी जरा खवचटपणे सांगितलं, की खरं ब्रह्मकमळ हिमालयात, बारातेरा हजार फुटांच्या वर फुलतं. कुंडीतलं हे मेक्सिकोकडून आलेलं निवडुंग आहे.

काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"म्हणजे हिने निवडुंगाची आरती केली?"

"तसं नाही…"

"हिला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

तेवढ्यात ऊन पुन्हा आलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. फोकस पुंकेसरांवर. चौकटीत डावीकडून एक हात आला, बांगड्यांसकट, आणि फूल गेलं.

सी विंगमधल्या काकू. हातात पिशवी, पिशवीत अर्धी बाग.

"अहो काकू, मी फोटो…"

"काढा की, मी कुठे अडवतेय? बरं झालं हो कापड लावलंत. हे फूल एरवी पानांत सापडत नाही. आज लांबून कसं उठून दिसलं!"

माझ्या छायाचित्रणाला इतकी मनापासून दाद आजवर कोणी दिलेली नाही.

राखेल रॉइश नावाची एक डच चित्रकार होती, १६६४ ते १७५०. काळोख्या पार्श्वभूमीवर फुलं रंगवण्यात तिचा हात धरणारे थोडे. तिला दहा मुलं झाली, आणि ऐंशी ओलांडल्यावरही ती रंगवत होती. लोक तिच्या चिकाटीचं कौतुक करतात, करावंच. पण तिची फुलदाणी घरात होती. रंग वाळायच्या आत पूजेसाठी ट्यूलिप उचलून न्यायला तिथे सी विंग नव्हती.

ज्या झाडाला 'फुले तोडू नयेत' ही पाटी खिळ्याने ठोकली आहे, त्याच झाडाची फुलं रोज सात वाजायच्या आत संपतात. खत, माळी, पाणी सगळं मेंटेनन्समधून जातं. म्हणजे माझ्याही पैशांतून. त्याबद्दल ग्रुपवर कधी चकार शब्द नाही. देवासाठी नेली की चोरी नाही, असा काहीतरी पोटनियम असावा. फोटो काढणारा मात्र झाडाचं एक पानही नेत नाही, आणि त्याच्यासाठी वॉचमन. सेक्रेटरींना फोन केला तर म्हणाले, रीतसर अर्ज द्या, आणि कापड पांढरं चालत असेल तर बघा, सदस्य घाबरतात.

तीस सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, तिथे मी हे काढणार आहे. विषयपत्रिका आली आहे. पहिले तिन्ही विषय पार्किंगचे आहेत, आणि पार्किंग समितीचे अध्यक्ष काका आहेत.