आईची 'शुद्ध बाई' आणि माझं कुलूपबंद ई-रीडर

परवा स्टाफरूममधी परत तोच विषय निघाला, की ई-रीडर (पुस्तकं वाचायचं मशीन) न् ऑडिओबुक (ऐकायचं पुस्तक) म्हणजे काही खरं वाचन नव्हे, पुस्तक हातात पाहिजे, त्याचा वास आला पाहिजे. आता वासाचंच म्हणाल तर आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीतल्या पुस्तकांना डांबरगोळ्यांचा वास येतो, अन् त्याच्याआधी वाळवीच्या मातीचा यायचा. वडलांची निम्मी पुस्तकं तशीच गेली, वरून पुठ्ठा शाबूत आणि उघडलं की आत भुगा. तेव्हापासून मला त्या वासाचं काही कौतुक राहिलं नाही. आणि कागद म्हणजेच पुस्तक असं असेल तर अंबाजोगाईला जाऊन संत दासोपंतांची पासोडी बघून या, माणसानं चांगलं सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहून ठेवलंय. त्यांना कोणी म्हणलं असेल का, की महाराज हे काही खरं नाही?

मी रोज परभणी ते सेलू अप-डाऊन करते. जागा मिळाली तर ठीक, नाहीतर दाराजवळ उभं राहून एका हातानं दांडी धरायची अन् दुसऱ्या हातात ई-रीडर. जाड कादंबरी अशी धरून दाखवा बरं. मोबाईलसारखं ते डोळ्यात घुसत नाही, कारण त्यात बारीक काळे-पांढरे कण वर-खाली होऊन अक्षर उमटतं आणि एकदा उमटलं की तसंच राहतं, बॅटरी खरी लागते ती पान उलटताना. म्हणून घरी लाईट चार-चार तास गायब असली तरी त्याला काही फरक पडत नाही. एप्रिलच्या उन्हात मानवत रोडला गाडी क्रॉसिंगला थांबली की मोबाईलचा स्क्रीन काळाठिक्कर दिसतो, हे मात्र उन्हात उलट जास्त छान दिसतं.

पण मराठी वाचणाऱ्याचे हाल वेगळे. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरवर, मराठी पुस्तकं रीतसर सुरू झाली तीच २०१६ च्या शेवटी, त्यामुळं आपल्याला पाहिजे ते जुनं पुस्तक तिथं असेलच असं नाही, मग कुठूनतरी स्कॅन केलेली पीडीएफ मिळते आणि सहा इंची स्क्रीनवर अक्षर मुंगीएवढं, मोठं करावं तर अर्धी ओळ बाहेर पळते अन् पूर्ण पान आपलं ओढत ओढत वाचायचं. जुन्या फॉन्टमधली फाइल असली तर तेही नाही, नुसते चिन्हांचे किडे वळवळताना दिसतात.

तरी हे सगळं मी चालवून घेते. मला खरी खटकणारी गोष्ट दुसरीच आहे. माझ्याकडचं एक पुस्तक शाळेतल्या एका मॅडमनी नेलं होतं, त्यांच्याकडून त्यांच्या जावेकडं गेलं, तिथून कुठं गेलं देव जाणे, दोन वर्षांनी परत आलं तेव्हा कव्हरला हळदीचा डाग, मधी एसटीचं तिकीट, आणि शेवटच्या पानावर कोणीतरी दुधाचा हिशोब केलेला. मला राग आला नाही, उलट चार घरं फिरून आलं म्हणून बरंच वाटलं. ई-रीडरमधलं पुस्तक द्यायचं तर अख्खं मशीन द्यावं लागतं, म्हणजे माझी बाकीची दीडशे पुस्तकं पण गेली की त्यांच्याकडं! पैसे मी भरले पण कुलपाची किल्ली कंपनीकडं. २००९ ला तर ॲमेझॉननं लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकाच्या प्रती त्यांच्या किंडलमधून परस्पर उडवल्या होत्या, पैसे परत दिले ती गोष्ट वेगळी. महानुभावांनी पण पोथ्या सकळ लिपीत लिहून कुलूपबंद केल्या होत्या, बाहेरच्याच्या हाती लागली तरी वाचता येऊ नये म्हणून. पण किल्ली निदान वाचणाऱ्याकडं होती.

ऑडिओबुकचं मला आधी काही खास वाटत नव्हतं. भाचा दुप्पट स्पीडनं ऐकतो, गाडी सुटल्यावानी, त्याला विचारलं काय ऐकलंस तर म्हणतो "संपलं." माझं मन पण कानात हेडफोन घातला की सटकतं, धड्याचं टाचण आठवतं न् तेवढ्यात दोन प्रकरणं पुढं गेलेली असतात. खूण करायची सोय कितीही असली तरी पेन्सिलीनं रेघ मारल्यासारखं काही होत नाही.

मग आईला मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलंय, वाचायला त्रास. तसं पाहिलं तर अशी रेकॉर्ड केलेली पुस्तकं तिच्यासारख्यांसाठीच निघाली होती, इंग्लंडमधी १९३५ ला पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर. आपल्याकडं २०१७ ला स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप आलं ते मराठी सोबत घेऊनच. मी आईला मोबाईलवर एक कादंबरी लावून दिली. हेडफोन तिनं दोन मिनिटांत काढून फेकला, कान दुखायलाय म्हणून. मोबाईल ठेवला स्टीलच्या पातेल्यात, आवाज घुमून मोठा येतो, ही आयडिया तिचीच. ओसरीवर तूर निवडत बसली, अन् तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आपलं सूप घेऊन आल्या, मग आणखी दोघी. श्रावणात पोथी लावायचे तसंच की हे, एकजण वाचणार, एकजण अर्थ सांगणार अन् बाकीच्यांच्या हातात वाती. फरक एवढाच, की अर्थ आता चौघी मिळून सांगतात, आणि तेही मोबाईलमधली वाचणारी बाई बोलत असताना. "थांबव गं, मागं घे, मला लागली होती डुलकी," असं दर दहा मिनिटाला.

एकदा सबस्क्रिप्शन भरायचं मी विसरले अन् ऐन रंगात आलेलं बंद पडलं. चौघीजणी माझ्याकडं अशा बघायल्या जणू मीच लाईट घालवली.

आईची तक्रार एकच आहे. "ही बाई लई शुद्ध बोलायली. शेतातल्या माणसाचं बोलणं बी पुण्यातल्यावानीच करायली." मला हसू आलं, पण खरंय ते. तर लातूर, नांदेड, बीड, परभणीकडच्या आवाजात, आपल्या बोलीत कोणी वाचलेलं पुस्तक माहीत असेल तर सांगा. काकूंनी विचारायचा तगादा लावलाय, आणि तूर अजून पोतंभर निवडायची आहे.